सुईखालची चिंधी

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या आहेत, की त्या एकापुढे एक मांडल्या तर त्यांच्यावरून चालत चंद्रावर जाऊन परत येता येईल, आणि वाटेत टेकायला बाकंही मिळतील. धंदाच तसा पडला. केस कापणारा माणूस गप्प बसला की गिऱ्हाइकाला वस्तऱ्याची करकर ऐकू येते, आणि गळ्याशी वस्तरा असताना ती ऐकू येणं तब्येतीला बरं नाही. म्हणून मी बोलत राहतो. माझ्या बहुतेक थापा लोकांना पचल्या. एक मात्र पचली नाही. ती ज्याला मारली, तो माझ्या शेजारचा दुकानदार. शिलाईची मशीनं दुरुस्त करतो.

त्याला सगळे शटल म्हणतात. मशीनच्या पोटात शटल नावाचा एक भाग असतो, तो खालच्या दोऱ्याची बॉबिन कुशीत घेऊन सारखा हलत असतो. हाही तसाच. हातात पेचकस, ओठांत सुई, आणि दुकानाच्या या टोकाहून त्या टोकाला येरझारा. बसलेला म्हणून कधी दिसायचा नाही. आमच्या दोन दुकानांमधली भिंत इतकी पातळ, की मी इकडे गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावला तर तिकडे त्याला शिंक येते. हाताला गुण असा, की एकदा एका बाईचं मशीन त्यानं इतकं हलकं करून दिलं, की तिनं पायडलवर पाय ठेवायच्या आत बाळाचं झबलं शिवून तयार. बाळ झालं पुढच्या वर्षी.

त्याची एक रीत होती. मशीन दुरुस्त झालं की कापडाचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्यावर सरळ टाक्याची एक ओळ मारायची, आणि तो तुकडा तसाच सुईखाली, कापड दाबून धरणाऱ्या लोखंडी पायात अडकवून ठेवायचा. गिऱ्हाइकानं घरी नेऊन झाकण काढलं की आधी ती चिंधी दिसायची. तोंडानं काही सांगायला नको. चालतं, खुशाल न्या, एवढा त्याचा अर्थ. ज्या मशीनच्या सुईखाली चिंधी नाही, ते अजून दुरुस्त व्हायचंय, नाहीतर कधीच होणार नाही. पुष्कळ लोक ती चिंधी कचरा समजून फेकून द्यायचे. शटलला राग यायचा नाही. म्हणायचा, वाचता येत नाही बिचाऱ्यांना.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची बायको शिवणकाम करायची. तिचं मशीन जुनं, काळं, पायडलचं. वर्षानुवर्षं टाच पडून पडून पायडलची जाळी एका बाजूला झिजली होती, तेवढाच भाग चकाकायचा. त्यांना एक मुलगी. तिचं नाव बॉबिन आम्हीच पाडलं, कारण ती एवढीशी होती, गोल होती, आणि हातातून सुटली की घरंगळत थेट कपाटाखाली जायची. माझ्या खुर्चीखालूनही मी तिला कितीदा ओढून काढली आहे. बापाच्या चिंध्या गोळा करून ती बाहुलीची पांघरुणं करायची. बोलायला लागली की दोरा संपायचा नाही. पण मनाला काही लागलं, की एकच शब्द. "बरं." तो ऐकला की तिच्या आईला कळायचं, आज पोरीची समजूत घालावी लागणार. शटलला कधी कळायचं नाही, कारण ते खातं त्याच्या बायकोकडे होतं.

मुलगी शिकली, लांबच्या शहरात कपडे बेतायच्या नोकरीला लागली. जाण्याआधी तिनं बापाच्या दुकानाची वेबसाइट करून दिली. त्यात पत्ता, उघडण्याच्या वेळा, आईच्या मशीनचा फोटो, आणि एक रिकामं पान. म्हणाली, बाबा, इथं तुम्ही लिहायचं, मला सांगता तसंच. शटल म्हणाला, मला सही करायला अर्धा दिवस लागतो, मी काय लिहिणार. पान रिकामंच राहिलं.

मग तिची आई गेली. ताप आला, आणि उतरताना तिला घेऊन गेला. बॉबिन आली, राहिली, बापाला जेवू घातलं, खोली आवरली. निघायच्या दिवशी म्हणाली, आईचं मशीन मी नेते. पुढचं मी भिंतीपलीकडून ऐकलं. यात माझ्या पदरचा एक शब्द नाही.

"हात लावू नकोस त्याला," शटल म्हणाला. "तिकडे नेऊन शोभेला ठेवशील. वर झाडाची कुंडी ठेवशील."

मग ती म्हणाली, "बरं."

एरवी माझ्या दारावरून जाताना ती थांबायची. काका, आज कुणाचा कान कापला, असं विचारल्याशिवाय पुढे जायची नाही. त्या दिवशी पिशवी घेऊन सरळ गेली. मी दारात उभा होतो, हातात कात्री. मला तिनं पाहिलंच नसेल असं नाही.

शटलनं फोन केले. ती उचलेना. नंतर नंबरच लागेना. नवा नंबर तिच्या मामाकडे होता, पण मामाचा आणि शटलचा लग्नापासूनच छत्तीसचा आकडा. मामाचं म्हणणं, माझ्या बहिणीला यानं मागच्या खोलीत कोंडून ठेवलं. शटलचं म्हणणं, मामाला टाका आणि टाचणी यांतला फरक कळत नाही. तेव्हा तोही रस्ता बंद.

आता चुकलं म्हणायला जीभ हलावी लागते, आणि शटलची जीभ कोपऱ्यात पडलेल्या मशीनसारखी. तेल कुठून घालायचं तेच सापडेना. मी त्याला म्हटलं, लेका, पत्र लिही. तर म्हणाला, पत्ता कुठाय? आणि मग आपणच थांबला. पत्ता होता की. वेबसाइटचं, तिनंच बांधून दिलेलं घर होतं, तिला दार माहीत होतं. येता-जाता ती डोकावल्याशिवाय राहायची नाही, असं त्याच्या मनानं घेतलं.

त्यानं लिहायला घेतलं. एका बोटानं. अक्षर शोधायचं, सापडलं की आपण मोठा तीर मारल्यासारखं माझ्या भिंतीकडे बघायचं. पहिला लेख, दोरा का तुटतो यावर. लोक दोऱ्याला शिव्या देतात, पण दोष बहुतेक वेळा सुईचा असतो, किंवा ओढून धरणाऱ्या हाताचा, असं त्यात होतं. वाचून मी चकित झालो. माणूस बोलतो तसाच लिहीत होता. आणि सगळ्यात खाली, एक ओळ मोकळी सोडून, लिहिलं होतं: आईचं मशीन तेल देऊन ठेवलं आहे. चालतं.

मी भिंतीवर टकटक करून विचारलं, ही शेवटची ओळ कशाला?

"चिंधी," तो पलीकडून म्हणाला.

मग प्रत्येक लेखाखाली ती ओळ. पट्टा कसा घालावा, खाली ती ओळ. पावसाळी हवेत गंज कसा टाळावा, खाली ती ओळ. आणि लिहिलं ते नुसतं लिहायचं म्हणून नव्हतं. दर आठवड्याला तो बायकोच्या मशीनला खरंच तेल द्यायचा, एका तुकड्यावर टाके मारायचा, आणि जुनी चिंधी काढून नवी लावायचा.

वेबसाइटच्या मागल्या बाजूला म्हणे दिसतं, किती जण आले, कधी आले, कुठून आले. शटलच्या घरी दोन जण यायचे. एक मी, दुपारी जेवण झाल्यावर, डुलकीच्या आधी. दुसरं कुणीतरी रविवारी सकाळी यायचं. लांबून. मी म्हटलं, फार आशा लावू नकोस, इंटरनेटवर यंत्रं हिंडत असतात भटक्या कुत्र्यांसारखी, प्रत्येक दारात हुंगून जातात.

"कुत्रं रविवार बघून येतं का?" शटल म्हणाला.

रविवारी सकाळी तो धुतलेला शर्ट घालायचा आणि कॉम्प्युटरसमोर बसायचा. बसायचा म्हणतोय मी. जो माणूस बायकोच्या आजारपणातही खाटेभोवती फेऱ्या मारत होता, तो खुर्ची ओढून बसायचा. आकडा एकनं वाढला की उठायचा आणि कामाला लागायचा. त्या दिवशी तो शीळही घालायचा. शीळ इतकी बेसूर, की माझ्या गिऱ्हाइकांचे केस आपोआप उभे राहायचे, मला कापायला सोपं.

हे असं चाललं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

एक संपादकबाई आल्या, सासूबाईंचं मशीन घेऊन. एका मोठ्या वेबसाइटवर काम करायच्या. घरातल्या वस्तू, हातकाम, शिवण, अशा विषयांचं ते दुकान. वाचणारे हजारोंनी. मशीन होईपर्यंत बसल्या-बसल्या त्यांनी शटलचे लेख काढून वाचले, आणि सासूबाईंचं मशीन विसरल्या. काका, तुम्ही आमच्याकडे लिहा, म्हणाल्या, पाहुणा लेखक म्हणून. अटी साध्या होत्या. लेख कोरा हवा, आमच्याकडे आलेला तुमच्या वेबसाइटवर टाकायचा नाही. खाली तुमचा फोटो आणि दोन ओळी ओळख. बाई चांगल्या होत्या. वाईट असत्या तर मला ही गोष्ट सांगणं किती सोपं गेलं असतं.

त्या गेल्यावर शटल माझ्या दारात आला. मी सरळ म्हटलं, जाऊ नकोस. आपली झोपडी आपली असते, पाहुण्यानं कितीही पंचपक्वान्नं खाल्ली तरी तिथं पाय पसरता येत नाहीत. आणि मग मला एक गवई आठवला. म्हणजे मी तो तिथल्या तिथे तयार केला. सगळ्या गावांत गायचा, स्वतःच्या घरात मात्र गुणगुणायचाही नाही. एकदा रात्री घरी आला, दार ठोठावून हाक मारली, तर आतून बायको म्हणाली, आवाज ओळखीचा आहे, पण हा आवाज मोठ्या सभागृहातून येतो, आमच्या दारातून येत नाही. तुम्ही दुसरे कुणीतरी असाल. बिचारा जन्मभर पायरीवर गात बसला.

"आणि घरात गाणाऱ्याचं काय झालं?" शटलनं विचारलं.

"त्याचं काय व्हायचंय? घरच्यांनी ऐकलं."

"घरात घरचं कुणी असेल तर." तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. "वस्तऱ्या, मी घरात बसून पुष्कळ वाट पाहिली. रविवारी कोण येतं ते मला नक्की माहीत नाही. कदाचित कुत्रंच असेल. तिथं हजार माणसं येतात. हजारांत ती असेल. नसली तर तिची कुणी मैत्रीण असेल, ती म्हणेल, अगं हे तुझे बाबा ना?"

यातही खोटं काय होतं? तो पाहुणा झाला.

आणि काय सांगू, गाजला. दोरा का तुटतो याचाच धाकटा भाऊ म्हणावा असा लेख होता, सुई का मोडते. लोकांनी तो वाचला, एकमेकांना पाठवला. कुठल्या कुठल्या गावांतून बायका खाली लिहायच्या, काका, माझंही असंच होतं, काका, माझ्या आजीचं मशीन अडगळीत आहे, काय करू. दुकानासमोर मशीनं घेऊन माणसं उभी राहायची. माझ्या दुकानात केस कापायला आलेला एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही त्यांच्या शेजारी राहता? मी म्हटलं, राहतो काय, त्यांना लिहायला मीच शिकवलं. ती थाप पचली.

फक्त एक गोष्ट. पहिलाच लेख छापून आला आणि शटलनं खालपर्यंत बोट सरकवलं, तर चिंधी नाही. तिथं त्याचा फोटो होता, आणि लिहिलं होतं, लेखक अनुभवी कारागीर असून त्यांना जुन्या यंत्रांची आवड आहे. त्यानं बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, काका, ती ओळ आमच्या वाचकांना लागत नाही, कुणाची आई, कुठलं मशीन, मध्येच कुठून आलं असं वाटतं. बरोबरच होतं त्यांचं. मीही दिवसभर कापतच असतो, मला कळतं, बटा लोंबत ठेवून माणूस बाहेर सोडता येत नाही. पण कापताना कान कुठे आहे ते हातानं चाचपून बघावं लागतं. त्यांना कान दिसला नाही.

शटल दोन दिवस कुरकुरला. मग म्हणाला, जाऊ दे, लेख वाचून ओळखेल ती. बापाचा हात ओळखणार नाही का?

गर्दी वाढली तसं घर ओस पडलं. नवं लिहायचं ते सगळं तिकडे जायचं, इकडे ठेवायला काही उरायचं नाही. घरच्या पानावर तोच जुना गंजावरचा लेख. रविवारचं बसणं सुटलं, कारण रविवारी मशीनवाल्यांची रांग. मी मात्र दुपारचा नेमानं जायचो, वेताळासारखा, तेच ते वाचून यायचो. शटलला म्हटलंही, अरे, घरी चार ओळी टाक, दिवा तरी दिसू दे. तो म्हणाला, टाकतो. टाकणार होताच तो. पण शेजारच्या मांडवात वाजंत्री वाजत असताना आपल्या घरातलं घड्याळ कुणाला ऐकू येतं?

मग बाईंनी त्याच्याकडे एक खास लेख मागितला. तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात जवळचं मशीन.

हा लेख त्यानं फार दिवस लिहिला. पुरा झाल्यावर माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून मला वाचून दाखवला. बायकोचं मशीन. ती पहिल्यांदा त्यावर बसली तेव्हा चाक उलटं फिरवून सगळा दोरा कसा गुंतवला ते. झिजलेली जाळी. लेक पोटात असताना मशीन आणि पोट यांच्यामध्ये जागा उरेना, म्हणून ती तिरपी बसून शिवायची ते. बायको गेल्यावर पहिल्यांदा तेल द्यायला बसला आणि चाक फिरवलं तर आतून तिनं अर्धवट सोडलेला दोरा बाहेर आला ते. आरशात बघतोय असं दाखवून मी डोळे पुसले. शेवटी होतं: आजही त्या मशीनला मी कुणाला हात लावू देत नाही. मग एक ओळ मोकळी. मग चिंधी. या वेळी ती एका शब्दानं मोठी होती, म्हणजे दोन शब्दांनी. आईचं मशीन तेल देऊन ठेवलं आहे. चालतं. घेऊन जा.

हे घेऊन जा त्यानं आजवर कधी लिहिलं नव्हतं. वाचताना त्याचा आवाज तिथं अडकला, जुनं मशीन जाड शिवणीवर अडकतं तसा.

त्यानं बाईंना माझ्यासमोर फोन केला. म्हणाला, बाई, या वेळी शेवटची ओळ तेवढी राहू द्या. बाई म्हणाल्या, बघते काका. का ते त्यानं सांगितलं नाही. मी हातानं खुणा करत होतो, सांग, सांग. तो पाठ करून उभा राहिला. आपल्या घरचं उणं परक्या बाईला फोनवर कसं सांगायचं?

लेख आला. त्याच्या सगळ्या लेखांत जास्त वाचला गेला तो हाच. आणि तो "कुणाला हात लावू देत नाही" इथं संपत होता.

बाईंनी नंतर सांगितलं, वाचताना त्या वाक्याशी त्यांच्या अंगावर काटा आला होता. एवढा जबरदस्त शेवट, त्याच्यापुढे नेहमीची ती ओळ आली की सगळं सैल पडत होतं. त्यांनी मनापासून विचार करूनच ती काढली होती.

लेखाखाली कॉमेंटांचा पूर आला. डोळ्यांत पाणी आलं, काका तुम्ही ग्रेट, माझी आई आठवली. शटल बोटानं खाली खाली जात होता आणि मला भिंतीपलीकडून वाचून दाखवत होता. वाचता वाचता थांबला. मी म्हटलं, पुढे? मी उठून गेलो. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलं होतं, त्याला तसंच सोडलं.

पडद्यावर एक कॉमेंट होती. नाव नव्हतं. "बरं. नाही लावणार हात."

मी शटलच्या मागे उभा होतो. हजारांत ती होती. त्याचं म्हणणं खरं झालं होतं. लेख तिच्यापर्यंत पोचला होता, आणि चिंध्यांची पांघरुणं करणाऱ्या त्या पोरीनं आधी खाली बघितलं असणार, आणि खाली काही नव्हतं.

पुढचं सगळं त्यानं केलं, जे माणूस करू शकतो ते. तिच्या कॉमेंटखाली एका बोटानं उत्तर लिहिलं. बाईंना फोन केला आणि या वेळी सगळं सांगितलं. बाई फोनवर रडल्या आणि त्याच दिवशी ती ओळ परत लावली. पण एकदा वाचलेला लेख कोण पुन्हा वाचतं? दाढी झाल्यावर गिऱ्हाईक परत येऊन खुर्चीत बसतं का? बाईंनी अट मोडून पूर्ण लेख घरच्या पानावर ठेवायलाही सांगितलं. त्यानं ठेवला. रविवारी धुतलेला शर्ट घालून बसला. सकाळ गेली. आकडा जिथल्या तिथं. दुपारी एकनं वाढला, तो मी.

शेवटी तो मामाकडे गेला. ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही म्हणून तो बायकोच्या भाच्याच्या लग्नाला गेला नव्हता, त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. काय बोलला, किती बोलला, मला माहीत नाही. मामानं त्याला आत घेतलं, पाणी दिलं, तिला फोन लावायचं कबूल केलं. काही दिवसांनी मामा स्वतः दुकानात आला. मी कान भिंतीला लावला होता, पण गरज नव्हती, मामा मोठ्यानंच बोलतो.

"सांगितलं तिला सगळं. ओळ कापली होती ते, तू ने म्हणतोस ते."

"मग?"

"बरं म्हणाली."

मामा थोडा घुटमळला. मग म्हणाला, "तिनं तिकडे नवीन घेतलंय म्हणे मशीन. छान आहे म्हणाली."

बाईंनी नंतर बोलावलं होतं, पुन्हा लिहा म्हणून. त्यानं हात जोडले. रागानं नव्हे. म्हणाला, बाई, आता घरीच बरा. आणि तो घरीच लिहायला लागला. चाकाचा आवाज का येतो. कात्रीला धार कधी लावावी. खाली चिंधी, तीच, दोन शब्दांनी मोठी. रविवारी खुर्ची ओढायचा, बसायचा, आणि उठायचा तेव्हा शीळ नसायची. दिवसेंदिवस तो भिंतीपलीकडे इतका गप्प झाला, की मला माझ्याच वस्तऱ्याची करकर ऐकू यायला लागली.

तेव्हा मी ती थाप मारली.

मी काय केलं, दुपारी माझ्या फोनवरून वाचून झालं की आमच्या मंडळींचा फोन घ्यायचा आणि त्यावरून पुन्हा तेच पान उघडायचं. आकडा दोनवर. पहिल्यांदा झालं तेव्हा मीच भिंतीवर टकटक करून विचारलं, काय रे, आज किती? तो म्हणाला, दोन. मी म्हटलं, बघ. वर थोडा मसालाही लावला, आता कामाच्या वेळा बदलल्या असतील तिच्या, नव्या नोकरीत दुपारची सुट्टी असेल. तो म्हणाला, असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. शीळ नाही, पण येरझारा पुन्हा सुरू झाल्या. मला वाटलं, आयुष्यातली सगळ्यात उत्तम थाप मी मारली, आणि कुणाला सांगताही येत नाही.

एकदा त्याच्या दुकानात उगाच जाऊन बसलो होतो. तो बायकोच्या मशीनला तेल देत होता. जुनी चिंधी काढली, नव्या तुकड्यावर टाके मारले. चाक फिरताना इतका हलका आवाज, की तो आवाज आहे की आठवण तेच कळू नये. तुकडा सुईखाली ठेवत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला,

"मंडळींचा फोन मागताना त्यांना काय सांगतोस?"

जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे थाप तयार नव्हती.

"पहिल्या दिवशीच कळलं मला," तो म्हणाला. "ती लांबून यायची. हे दुसरं इथूनच येतं, तुझ्या मागोमाग."

मी विचारलं, चिडलास का? तो नाही म्हणाला. तेलाचं बोट चिंधीलाच पुसलं, मग ती डागाळली म्हणून काढली आणि दुसरा तुकडा शोधायला लागला. त्यावर टाके मारले.

"येत जा," तो म्हणाला. "फक्त दुपारी नको. रविवारी सकाळी येत जा. ती यायची तेव्हा."

रविवारी सकाळी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बाकावर माणसं, दारात माणसं, सगळ्यांना घाई. मी खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाला साबण फासतो, हात पुसतो, आणि आरशामागून मंडळींचा फोन काढतो. माणूस विचारतो, काय बघताय, साबण वाळतोय. मी त्याला काहीतरी सांगतो. काय सांगतो ते महत्त्वाचं नाही, दर वेळी निराळं असतं. मग भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. तो बसला, की मी दार उघडतो.